कॉलरखालची मान

सुंदर व्हायला येणाऱ्या माणसांवर सिस्टरचा राग नव्हता. राग होता तो त्यांच्या अकलेवर. प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात ड्रेसिंगची खोली सांभाळायला लागून तिला बावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात तिने ऐकायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. नाकात प्लास्टिक भरल्यावर उन्हात बसलं तर चालेल का, असं गंभीर चेहऱ्याने विचारणारा कारकून तिने पाहिला होता. जेवणाच्या सुट्टीत पोट कमी करून परत कामावर जायला निघालेली बाई पाहिली होती. मोबाईलवर कुणाचा तरी फोटो दाखवून ‘हे नाक द्या’ म्हणणारे तर रोजचेच, जसे काही चपला घ्यायला आलेत. सिस्टर मुकाट्याने गॉजच्या घड्या घालत बसायची.

पण मास्तरांनी सगळ्यांवर कडी केली.

मास्तर म्हणजे शिंपी. रफू करावं तर त्यांनीच, असं त्यांचं नाव होतं, आणि ते नाव त्यांच्या चांगलंच डोक्यात गेलं होतं. सोबत चोवीस वर्षांची मुलगी होती. दहाव्या वर्षी घरच्या चुलीवरच्या कढईतलं उकळतं तेल तिच्या अंगावर सांडलं होतं. हनुवटीपासून गळ्यापर्यंत कातडी जाड दोरखंडासारखी झालेली, मान उजव्या खांद्याकडे ओढलेली. डावीकडे बघायचं तर तिला कमरेपासून अख्खं वळावं लागे. ते दिसू नये म्हणून मास्तर तिला उंच कॉलरचे कपडे शिवून देत. चौदा वर्षं मुलीची मान आखडत गेली आणि बाप कॉलरची उंची वाढवत गेला.

डॉक्टरांसमोर बसल्याबसल्या मास्तरांनी खिशातून कापडाचा एक तुकडा काढला. “यात भोक होतं. कुठे होतं ते शोधून दाखवा.”

डॉक्टरांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. सापडलं नाही.

“हे माझं वीस मिनिटांचं काम,” मास्तर म्हणाले. “तुमच्याकडे तर मोठमोठी यंत्रं आहेत. डाग असा घालवा की कधी होताच असं वाटू नये. लग्नाचं बघतोय हिच्या.”

“धागे पुन्हा विणता येतात, मास्तर. कातडी विणता येत नाही. ती भरून येते, पण व्रण ठेवूनच,” डॉक्टर म्हणाले. “मी हा ओढलेला भाग मोकळा करीन आणि तिथे मांडीची कातडी लावीन. मानेवर खूण राहील, मांडीवरही राहील. पण मान फिरेल.”

“फिरवून काय करायचंय? सुंदर करायच्या दवाखान्यात मान फिरवायला कोण येतं?”

“मी आलेय,” मुलगी म्हणाली. “शाळेच्या व्हॅनवर चालक हवाय. मला घेतायत ते. पण लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. मागची गाडी बघायला मी सगळीच वळते आणि स्टिअरिंगवरचा हात सुटतो.”

“घरचं दुकान असताना व्हॅन कशाला?” मास्तर उठले. “डाग राहणार असेल तर मी सही देणार नाही.”

बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूल बापाची, कढई बापाची, तेल बापाचं, आणि आता मानही बापाचीच.

“तुमची सही मागितलीय कुणी?” ती म्हणाली. “मुलगी सज्ञान आहे. फॉर्मवर तिचीच सही लागते.”

पुढच्या मंगळवारी मुलगी एकटी आली आणि सही करून गेली.

ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं, ही लोकांची आणखी एक लाडकी समजूत. खरं काम त्यानंतर सुरू झालं. रात्रंदिवस गळ्याला कडक पट्टा, व्रणावर तेल चोळणं, आणि रोज मान ताणायचे व्यायाम. शेजारणी विचारत, मान अजून तशीच कशी गं? मुलगी ड्रेसिंगच्या खोलीत येऊन रडायची, डोळे पुसायची आणि पुन्हा पट्टा बांधून जायची. सिस्टरला तिचं फार कौतुक वाटे. एरवी ती कुणाचं कौतुक करणाऱ्यातली नव्हती.

सहा महिन्यांनी पट्टा सुटायचा होता, त्या दिवशी मास्तर ऑपरेशननंतर पहिल्यांदा आले. ते मुलीच्या उजव्या बाजूला उभे राहिले. दुकानात ती मदतीला बसे, तिथेही त्यांचं टेबल तिच्या उजवीकडेच होतं. मान तिकडेच ओढलेली, त्यामुळे ती सदैव त्यांच्याकडेच बघत असे, आणि बापाला वाटे, पोरगी किती आज्ञाधारक आहे.

सिस्टरने पट्टा काढला. मास्तरांनी दिवा जवळ ओढून मान न्याहाळली.

“रंग जुळलेला नाही,” ते म्हणाले. “कडेची शिवण दिसते. असं काम मी केलं असतं, तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलं असतं. आता कोण पसंत करणार हिला?”

सिस्टर तोंड उघडणार होती, पण तेवढ्यात मुलगी हलली. खांदे हलले नाहीत, कंबर हलली नाही. नुसती मान वळली, सावकाश, मध्ये जराशी थांबत, डावीकडे, पार खिडकीपर्यंत. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. ती त्या बघत बसली.

मास्तर बोलतच होते. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं. “अगं, मी तुझ्याशी बोलतोय.”

“ऐकतेय बाबा,” ती खिडकीकडे बघतच म्हणाली. “पण आता तुमच्याकडे बघायलाच पाहिजे, असं नाही.”