चीनच्या विमानासाठी अठ्ठेचाळीस हजार सह्या

ऑरविल टॅकेटच्या थोरल्या लेकीनं ज्या उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं, त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनहून जाहीर झालं, की चीनला रोजचं एकच नवं विमान सोडता येईल आणि ते कुणी सोडायचं हे सरकार ठरवील. जागा एक, कंपन्या चार. चौघीही बाशिंग बांधून बसल्या.

ऑरविल ओहायोतल्या ट्राय-रिव्हर कंपनीत मेकॅनिक होता. एकतीस वर्षं विमानं दुरुस्त करायच्या एकाच हँगरमध्ये. मोठे साहेब सॅडलर यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "बीजिंग मिळालं तर हँगर राहील. नाही तर कुलूप."

ऑरविलनं दुसऱ्याच दिवशी 'चीन आम्हाला द्या' म्हणून सरकारला पाठवायच्या सह्यांचे कागद काखेत मारले.

कंपनीनं तर ताळच सोडला. पिवळे सदरे वाटले, शाळेतल्या पोरांकडून पांडा अस्वलांची चित्रं काढवली, विमानतळावर ड्रॅगन नाचवला. चिनी पाहुणा म्हणून कोपऱ्यावरच्या खानावळीचा टुआन उभा केला. तो बिचारा सांगत होता, "साहेब, मी व्हिएतनामचा."

"हसत राहा," सॅडलर म्हणाले. "फोटो चाललाय."

शुक्रवारी चर्चमधल्या मासळीच्या जेवणात ऑरविलनं हृष्काबाईंना गाठलं. म्हातारी एक्याऐंशीची.

"मी कोलंबस शहराच्या पलीकडे गेले नाही कधी," ती म्हणाली. "कुठं करू सही?"

"इथं. देव तुमचं भलं करो."

"काल दुसऱ्या कंपनीचा एक जण आला होता. त्यालाही दिली बाबा. नाही म्हणवत नाही."

अठ्ठेचाळीस हजार सह्या झाल्या. गव्हर्नरचं पत्र आलं, महापौरांची एकवीस आली. शेवटी ऑरविल म्हातारे पायलट लिंडहोम यांच्यापुढे कागद धरून उभा राहिला.

"कॅप्टन, तुमची राहिली."

"किती तासांचं उड्डाण रे हे?"

"साडेचौदा."

"आणि आमच्या करारात सलग किती तास उडवायचं लिहिलंय?"

ऑरविलला ठाऊक नव्हतं.

"चौदा. आम्हाला विचारलं कुणी?"

अख्ख्या गावाला वरातीचं बोलावणं, आणि नवऱ्या मुलाला कुणी विचारलंच नाही! ऑरविल धावत सॅडलरकडे गेला.

"आपलीच माणसं ती," साहेब म्हणाले. "अर्ध्या तासासाठी अडतील होय?"

अडली. दोन वर्षांपूर्वी कंपनी बुडते म्हणून पायलटांचा पगार कापला होता, आणि त्याच नाताळात सॅडलरनी सरोवराकाठी घर घेतलं होतं. पायलट म्हणाले, कापलेलं परत द्या, मग अर्धा तासच काय, एक तास जास्त उडवू.

"साहेब, द्या ना," ऑरविल म्हणाला. "माझ्या हँगरसाठी द्या."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, ऑरविल."

सरकारनं दिलेली मुदत संपली. सह्यांसकट अर्ज मागे घेतला गेला. चीनचं विमान दुसऱ्या कंपनीला मिळालं आणि सॅडलरना बढती मिळाली. मार्चमध्ये हँगरला कुलूप लागलं. ऑरविल टेनेसी राज्यातल्या एका दुकानात गवत कापायची यंत्रं दुरुस्त करू लागला.

तिथंच, दुकानात, अकरा नोव्हेंबर २००९ रोजी सकाळी ऑरविल टॅकेट हृदय बंद पडून वारला. वय एकसष्ट.