उजेडातली सुंदरी

“भुवयांच्या मधोमध बघ. डोळे मिटूनच. बारीक ज्योत दिसते काय?”

“नाही हो.”

“नीट बघ, राजम!”

“अय्यो, बघतेच आहे की!”

मिटल्या डोळ्यांनी माणसाने आणखी किती नीट बघायचं? राजमला दिसत होता काळोख, आणि इडलीचे उडीद भिजवायचे राहिलेत एवढं त्यात स्पष्ट कळत होतं.

एकसष्ट साल. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, राजमचे यजमान, रिटायर झालेले सेतुमाधवराव मास्तर, दर शुक्रवारी संध्याकाळी आपल्या घरी पाच-सात माणसं ध्यानाला बसवत. उत्तरेकडच्या कुणा स्वामींनी त्यांना शिकवलं होतं: मनात उजेड आणायचा, तो वाढवत न्यायचा आणि आपल्याच आत जो थोर आत्मा बसलेला असतो त्याला त्या उजेडात भेटायचं. शेवटी कुणाला काय दिसलं ते सांगायचं. शेजारच्या वेंकूबाईला पहिल्याच दिवशी सूर्य दिसला. वेंकूबाईचं काही विचारू नका. थोडा आग्रह केला असता तर तिला चंद्रही दिसला असता.

राजमला उजेडाचं कौतुक नव्हतं, थोर आत्म्याचं तर नव्हतंच नव्हतं. बायको म्हणून नवऱ्याशेजारी बसायची, पण तिला हवी होती सुंदरी. एकुलती एक लेक, कॉलेजात शिकणारी, गेल्या वर्षी काविळीने गेली. राजमच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं, ही आपली सार उकळते आहे, ताक घुसळते आहे. बाई आहे की दगड, असं गल्ली म्हणाली. दगडच झाली होती, खोटं कशाला बोलायचं. आणि रावांना मात्र लेक उजेडात दर खेपेला भेटत होती!

त्या शुक्रवारी माणसं गेल्यावर तिने विचारलंच. “मज का दिसत नाही ती? नऊ महिने पोटात मी वागवली तिला.”

“तुझं मन बंद आहे.”

“बंद तर बंद. तुम्ही तरी सांगा. कशी दिसते?”

“सगळं तेजच. चेहरा हसरा.”

“बोलते काय?”

“बोलते तर!” रावांचा आवाज ओला झाला. “आज म्हणाली, ‘बाबा, मी सुखात आहे. तुमच्यावर माझा राग नाही.’”



सुंदरीने उभ्या जन्मात बापाला ‘बाबा’ म्हटलं नव्हतं. अप्पा म्हणायची. मराठी तिला सगळी समजे, पण तोंडातून यायचं ते तमिळच. गल्लीतल्या सगळ्या पोरांचं तसंच. रावांना ते खपेना. तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या जपलेली भाषा माझ्याच घरात बुडायची? मराठीत बोलशील तेव्हा उत्तर देईन, म्हणाले. खाण तशी माती, पोरगीही हटली नाही. दोन वर्षं बाप इकडे, लेक तिकडे, आणि मध्ये राजम, याचं तिला, तिचं याला पोचवत. शेवटच्या दुखण्यात तिने बापाकडे पाणी मागितलं तेही तमिळातच. रावांनी धावत जाऊन भांडं तिच्या तोंडाला लावलं. बोलले मात्र नाहीत.

मग उजेडातली ही कोण? रावांना हवी होती तशी कुणीतरी. सुंदरी नव्हे. सुंदरी तिथेही नव्हती.

राग यायला हवा होता. आला नाही. खरं ते सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, तर राव तिच्याकडे बघत होते, परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखे. त्यांनाही ठाऊक होतं तर.

“पुन्हा बसू या काय?” ते म्हणाले. “एकदाच. तुलाही दिसेल.”

ती बसली. डोळे मिटले. काळोख.

“दिसली,” ती म्हणाली.

“खरंच? काय म्हणाली?”

“‘आई’ म्हणाली.”

“मराठीत?”

“मराठीतच.”

तेव्हा राव रडले. वर्षभरात पहिल्यांदा, धाय मोकलून, तिच्या मांडीवर डोकं टाकून. राजम त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला काही वाटत नव्हतं. मग ओठही न हलवता तिने मनातल्या मनात ‘अम्मा’ म्हणून पाहिलं, सुंदरी हाक मारायची तसं. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. तो आवाज काही आठवेना.