हात फक्त धरायला

बुलेट पडायला लागली की धरून ठेवायची नाही, सरळ सोडून द्यायची, असं आमचे हे येईल त्याला सांगायचे. पत्रा ठोकून सरळ करता येतो, मनगट करता येत नाही. दौंडला रेल्वेत फिटर, त्यामुळे जड वस्तूंशी रोजचाच संबंध. जड वस्तूशी जोरानं वागायचं नाही, हे त्यांचं ठाम मत होतं.

गाडी अयुबभाईंच्या गॅरेजमधून घेतलेली, जुनी. दर शनिवारी तिच्यावर बसून आम्ही निमोण्याला सासूबाईंकडे जायचो. आमचा मुलगा आयुष टाकीवर, हे मध्ये, मी मागे.

आमच्याकडं कुणाची गाडी पडली की आसपासची सगळी माणसं हातातलं टाकून पळत येतात. कुणी हँडल ओढतं, कुणी मागचं चाक, आणि गाडी उभी राहीपर्यंत एखाद्याची कंबर धरलेली असते. हे तळहात वर करून सगळ्यांना थांबवायचे. लग्नानंतर पहिल्यांदा निमोण्याला गेलो तेव्हा सारवलेल्या अंगणात मधलं स्टँड एका बाजूनं रुतून बुलेट आडवी झाली. शेजारचे हौशीरामआप्पा धावले, तर ह्यांनी त्यांनाही थांबवलं. मग गाडी बंद केली, पेट्रोलचा कॉक फिरवला, गिअर टाकला. गाडी उजवीकडं पडली होती म्हणून डावीकडचं स्टँड आधीच बाहेर ओढून ठेवलं, नाहीतर उभी राहून पलीकडं जाते. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवलं आणि चक्क गाडीकडं पाठ करून, सीटला टेकून खाली बसले.

हौशीरामआप्पा म्हणाले, "जालिंदर, म्हशीकडं पाठ करून धार काढतो व्हय रं?"

सगळे हसले. ह्यांनी एक हात मागे हँडलला घातला, दुसरा सीटखालच्या दांड्याला, पाठ ताठ, नजर समोर, आणि पायांनी जमीन रेटत छोटी छोटी पावलं मागे टाकली. बुलेट त्यांच्या पाठीबरोबर उभी राहिली. मला वाटलं, केवढे हे दंड. तर म्हणाले, "दंडाचं काय काम? हात फक्त धरायला. उचलतात ते पाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, म्हणूनच पुढचं मला सगळ्यांच्या आधी कळलं असेल.

माझं लक्ष असतं. सासूबाई म्हणतात, मायाला भाताचं शीत पडलेलं पण ऐकू येतं. आयुष झाल्यापासून तर जास्तच. तो झोपला की श्वास बघायचा, खेळला की गुडघे बघायचे. तसं बघता बघता ह्यांच्या डाव्या पायातली चप्पल चालताना मागे राहते, हे मी पाहिलं. मग ते पट्ट्याच्या सँडल घालायला लागले. क्वार्टरच्या पायऱ्या चढताना हात गुडघ्यावर टेकायला लागले. मी विचारलं की म्हणायचे, शेडमध्ये उभं राहून राहून होतं गं.

मग गाडी पडायला लागली. तीही चालताना नाही, उभ्या उभ्या. फाटकापाशी थांबले, पाय टेकला, पाय तसाच मुडपला, गाडी आडवी. सगळ्यांनी दोष गाडीला दिला. अयुबभाईंना सीट उंच वाटली. त्यांनी सीट उघडून आतला फोम तासला, वरून नवीन रेक्झिन ताणलं आणि म्हणाले, आता पाय पुरतील भाऊ. मलाही बरं वाटलं. गाडीच जड आहे, गाडीच उंच आहे, असं आम्ही सगळे म्हणत राहिलो.

त्या शनिवारी न्हावऱ्याच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरमागं थांबलो, आणि गाडी पडली. नेहमीप्रमाणे ह्यांनी ती सोडून दिली. आयुषला मी उतरता उतरताच कडेवर ओढलं होतं. कुणाला खरचटलंही नाही. चहाच्या टपरीवरची माणसं धावली. ह्यांनी तळहात वर केला, माणसं थांबली. कॉक, गिअर, हँडल, सगळं रीतसर झालं. पाठ करून बसले. पायांनी रेटलं.

गुडघे थरथरले आणि गाडी तसूभर हलली नाही. परत रेटलं. मग ते तसेच आडव्या गाडीला टेकून बसून राहिले, एसटीची वाट बघत बाकड्यावर बसल्यासारखे. मागून हॉर्न वाजत होते. त्यांचे दंड पूर्वीसारखेच होते, शर्टाच्या बाह्यांत घट्ट बसलेले. मी त्यांच्या पायांकडं बघितलं.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "दादा, उठा. आम्ही घेतो."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "घ्या."

चौघांनी हँडल ओढून गाडी उभी केली. ह्यांनाही उठायला एकानं हात दिला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी ह्यांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. हे उठले ते हात आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे. मी रोज बघत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा सलग पाहिलं. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, औषध नाही. आजार घराण्यातून येऊ शकतो. आणि पेन खाली ठेवून मला विचारलं, "मुलगा जमिनीवरून कसा उठतो?"

मी बी.ए. झाले, मुलाच्या प्रत्येक लसीची तारीख मला पाठ. पण हे मी कधी बघितलं नव्हतं. मुलं उठतात तसा उठतो, एवढंच सुचलं. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, इतक्यात काही सांगता यायचं नाही, लक्ष ठेवा.

तेव्हापासून मी लक्ष ठेवते. आयुष ताटावरून उठला की बघते. चौथं सरलं होतं त्याला. कधी मांडीवर हात टेकायचा, कधी नाही. एकदा टेकला की माझा दिवस काळजीत जायचा. मी ह्यांना बोलायचे नाही, हे मला बोलायचे नाहीत. पण तो बसला की आम्ही दोघंही बोलणं थांबवायचो.

बुलेट विकायचं ठरलं. अयुबभाई संध्याकाळी न्यायला येणार होते. दुपारी ह्यांनी मला क्वार्टरच्या मागच्या आवारात बोलावलं. गाडी स्टँडवर होती. ह्यांनी जुनी गोधडी अंथरली आणि गाडी हळूच तिच्यावर आडवी केली.

"उचल," म्हणाले.

मी म्हटलं, विकायची गाडी मी कशाला उचलू, मला चालवता पण येत नाही. हे खुर्चीत बसले.

"गाडीसाठी नाही सांगत, माया. उद्या मी मोरीत पडलो, तर आईला बोलावलं तरी तिला जमणार नाही. तू कमरेतनं वाकून ओढायला जाशील आन् तुझी पाठ जाईल. मग आयुषला कोण बघंल?"

मी पदर खोचला. पाठ करून बसले. सीट कमरेला लागली, तासलेली, पातळ. ते एकेक सांगत होते, शेडमधल्या नवीन पोरांना सांगावं तसं: पाठ वाकवू नकोस, खाली बघू नकोस, श्वास धरू नकोस. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा मी हातांनीच ओढलं, तर रागावले. मग मी हात नुसते धरायला ठेवले आणि पायांनी जमीन रेटली. गाडी उठली. माझ्या पाठीला तिचं सगळं वजन लागत होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, पण पाठ त्यांच्याकडं होती.

"आता वळ. हलकेच स्टँडवर सोड," ते म्हणाले.

मी वळले तर आयुष आवाराच्या कोपऱ्यात आपली तीनचाकी सायकल आडवी करत होता. गोधडी नाही म्हणून त्यानं खाली माझा टॉवेल पसरला होता. सायकलकडं पाठ केली, टेकून खाली बसला, एक हात मागे हँडलला, एक सीटला. तोंडानं बुलेटचा आवाज काढत उठला.

दोन्ही हात सायकलीला होते. मांडीवर एकही नव्हता.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे खुर्चीत पुढं वाकले होते, खुर्चीचे हात घट्ट धरून.

"आयुष," ते म्हणाले, "परत पाड बरं."

आयुषला वाटलं, पप्पा खेळायला लागले. त्यानं हसत सायकल पाडली आणि पुन्हा तिच्याकडं पाठ केली.