साप चावलेल्याला कोणी बघावं

घोट्याच्या वर दोन भोकं होती. वरचं कोरडं होतं, त्याच्या कडा किंचित काळसर. खालच्यातून सुतासारखी बारीक रक्ताची रेघ निघून टाचेपर्यंत गेली होती. आरोग्यकेंद्र सांभाळणाऱ्या नेरिसने ती कापसाने पुसली. रेघ पुन्हा आली. दोन भोकांमधलं अंतर तिच्या अंगठ्याच्या नखाहून थोडं जास्त भरलं. म्हणजे साप पिल्लू नव्हता, आणि फार मोठाही नव्हता.

"एकीस जातीचाच ना?" तिने विचारलं.

"एकीसच. पाठीवर फुल्याच फुल्या," खाटेवर आडवा पडलेला एलीसेओ म्हणाला. "कोकोखालचं तण काढत होतो. पाचोळ्यातून एक सरडा असा उडाला की मी दचकलोच. मग स्वतःवरच हसलो आणि एक पाऊल मागे घेतलं. सरडा ज्याच्यापासून पळत होता, तो माझ्या मागेच बसला होता, बाई." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आईला यातलं सरड्याचं सांगू नको. चाळिशीचा बाप्या सरड्याला भ्याला म्हणेल."

"ऐकलंय मी!" दारातून आवाज आला. "सरड्याला भ्याला आणि सापावर जाऊन उभा राहिला. बापासारखाच!"

दारात त्याची आई क्लेमेन्सिया हातात झाडू घेऊन उभी होती. केर काढायला नव्हे. सान पास्कुआलमध्ये कुणाला साप चावला की घरातली वयस्क बाई दार धरून बसते आणि आत येणाऱ्या प्रत्येकीला विचारते, कोरी आहेस ना? पोटुशी बाई किंवा पाळी चालू असलेली बाई यांची नजर साप चावलेल्यावर पडली की विष उलटतं, हे या नदीकाठी पोरंही जाणतात. आरोग्यकेंद्राचं दार झालं म्हणून नियम काही बदलत नाही.

नेरिसने त्याच्या दंडातून थोडं रक्त काढून काचेच्या स्वच्छ नळीत घेतलं, नळी कपाटावर उभी केली आणि तिला हात न लावता पायाची सूज कुठवर आली आहे ते पेनाने त्वचेवर आखून ठेवलं. वीस मिनिटांनी नळी उचलून तिरकी केली. एव्हाना रक्ताचा घट्ट गोळा व्हायला हवा होता. ते पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं.

कपाटात सापाच्या विषावरच्या औषधाच्या आठ कुप्या होत्या. त्यातल्या चार तिने काढल्या. आतल्या पावडरीत पाणी सोडलं की कुपी हलवायची नसते, तळव्यांमध्ये सावकाश फिरवायची असते. फेस झाला की औषध वाया. ती एकेक कुपी फिरवत असताना शेजारच्या घरातून नारळाच्या दुधात शिजणाऱ्या माशाचा वास आला. तिने ओठ मिटून घेतले आणि खिडकी लावली.

"उकडतंय की," एलीसेओ म्हणाला.

"उकडू दे."

तिला चौथा महिना लागला होता. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. याआधी दोनदा तिचं पोट तिसऱ्या महिन्यातच पडलं होतं आणि दोन्ही वेळा सगळ्या गावाला आधीच कळलेलं असल्यामुळे सगळं गाव समाचाराला आलं होतं. या वेळी तिने ठरवलं होतं, तिसरा सरला की सांगायचं. तिसरा सरला. मग ठरवलं, नवरा कोळंबीच्या तळ्यांवरून सुट्टीला आला की सांगू. तो येऊन गेला. त्याला सांगितलं, गावाला नाही. आता ती चाळिशीकडे झुकलेली, अंगावर ढगळ पांढरा कोट. तिला विचारावं असं सकाळी क्लेमेन्सियाच्या मनातही आलं नव्हतं. विचारलं असतं तर काय उत्तर दिलं असतं, याचा विचार नेरिसने टाळला होता.

सलाईन सुरू झालं. दारात माणसं जमू लागली. म्हातारी बेनिता उकडलेल्या हिरव्या केळ्यांचा डबा घेऊन आली, तर क्लेमेन्सियाने झाडू आडवा धरला.

"कोरी आहेस ना?"

"मी? अगं, सत्तरी उलटली माझी. मी पोटुशी निघाले तर साप राहू दे बाजूला, आधी पाद्र्याला बोलाव!"

"नियम तो नियम. नीट उत्तर दे."

"कोरी आहे, वाळलेली आहे, खडखडीत आहे. जाऊ दे आता आत."

आतून एलीसेओ हसला. हसताना त्याच्या दातांच्या कडेला लाली दिसली. नेरिसने त्याला तोंड उघडायला लावलं. हिरड्यांतून रक्त येत होतं. तिने खालच्या गावातल्या डॉक्टरांना फोन लावला. नदीला पाणी कमी होतं, त्याला दवाखान्यात न्यायला मोठी बोट दिवस मावळायच्या सुमारास पोचेल, म्हणाले. तोवर पुन्हा रक्त तपासा, नाही गोठलं तर उरलेल्या चार कुप्या द्या.

दुपारी तिने पुन्हा नळी भरली, पुन्हा थांबली, पुन्हा तिरकी केली. रक्त वाहिलं.

दुसरी मात्रा लागणं नवीन नव्हतं. अभ्यासात ते शिकवलं होतं, आणि तिने स्वतःही पाहिलं होतं. तरीही नळी हातात असताना क्षणभर तिला आपल्याच पोटाची आठवण झाली. तीही याच नदीवर वाढली होती. तिने नळी खाली ठेवली आणि कुप्या काढल्या.

"काय झालं?" क्लेमेन्सियाने विचारलं. तिची नजर नळीवरच होती. "अजून पातळच?"

"अजून पातळ. दुसरी मात्रा देते. पुष्कळांना लागते."

"पुष्कळांना लागते म्हणे! गेल्या साली सेवेरोला एकात भागलं. त्याच्या आदल्या साली त्या लाकूडतोड्याला एकात भागलं." झाडू जमिनीवर आपटला गेला. "कुणीतरी बघितलंय माझ्या पोराला."

आणि मग तिला आठवलं की सकाळी पाण्याची घागर घेऊन दाल्मिरा आत आली होती. दाल्मिरा म्हणजे तिची धाकटी सून, एलीसेओच्या भावाची बायको, दुसऱ्या नदीवरून लग्न होऊन आलेली. वर्ष होत आलं, तरी सासूला तिच्या हातचं कालवण खारट लागत होतं. सकाळच्या धांदलीत तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

दाल्मिराला बोलावलं गेलं. पायऱ्यांखालच्या अंगणात ती उभी राहिली आणि अर्धं गाव तिच्याभोवती.

"कोरी होतीस का सकाळी?" क्लेमेन्सियाने विचारलं.

दाल्मिरा गप्प.

"बोल की! तोंड शिवलंय? पोटुशी आहेस?"

"नाही."

"मग कोरी होतीस म्हण. आईची शपथ घेऊन म्हण."

दाल्मिराने मान खाली घातली. नेरिस खिडकीच्या फटीतून बघत होती. दाल्मिरा का बोलत नाही, हे त्या अंगणात कुणाला माहीत नसलं तरी नेरिसला माहीत होतं. काल संध्याकाळी पाळीत पोट दुखतं म्हणून ती गोळ्या घेऊन गेली होती. पोटुशी नाही हे पटवायचं तर पाळी चालू आहे हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं तरी दोष तिचाच. तिला सुटायला एकही दार नव्हतं.

"बघा, बघा! गप्प बसली म्हणजे कळलंच की," कुणीतरी म्हणालं.

"एवढी घागर आणायला आली, ती मुद्दामच!"

"मुद्दाम कशाला करेल ती?" बेनिता म्हणाली. "पोरगी आहे. चुकली असेल."

"चुकली तर माझ्या पोराने मरायचं?" क्लेमेन्सियाचा आवाज फाटला. "जा तिकडे. धक्क्यावर बस, तोंड नदीकडे करून. मागे वळून बघायचं नाही. आणि ऐक, याला काही झालं तर तशीच होडीत बसून आपल्या आईकडे जायचं. माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही."

दाल्मिरा गेली. धक्क्याच्या टोकाला उन्हात पाठमोरी बसली. तिचा नवरा दोन पावलं तिच्यामागे गेला, मग आईकडे बघून थांबला.

नेरिस खाटेपाशी आली. सलाईनचे थेंब पडत होते. आत्ता बोललं तर काय होईल हे तिला स्पष्ट दिसत होतं. एलीसेओला चादरीसकट उचलतील, सुई उपसतील, मांत्रिक सेगुंदो काकाच्या घरी नेतील, आणि उरलेलं औषध खांबाला लटकत राहील. आधी औषध शिरेत जायला हवं होतं. म्हणून ती गप्प राहिली. प्रत्येक थेंबाची किंमत दाल्मिरा पाठीवरच्या उन्हात मोजते आहे हेही तिला दिसत होतं.

सेगुंदो काका आला तो आपली बाटली घेऊनच. उसाच्या दारूत मुरवलेल्या मुळ्यांची बाटली. साप उतरवणारा म्हणून नदीच्या दोन्ही काठांवर त्याला मान होता. आज सकाळीही एलीसेओ आधी त्याच्याकडेच गेला होता. सेगुंदोने मंत्र म्हटला, बाटलीतला एक घोट दिला आणि लगेच त्याला इकडे पाठवलं. असं लगेच पाठवणं तीन वर्षांपूर्वी नव्हतं. तेव्हा साप चावलेली माणसं त्याच्या घरी पडून राहायची आणि पाय काळा पडला की मग नेरिसकडे यायची. एकदा ती त्याच्या घरी जाऊन बसली होती आणि दोघांचं ठरलं होतं. तो कापणार नाही, करकचून बांधणार नाही, वेळ घालवणार नाही. आणि ती त्याचे नियम पाळेल. "कोण बघतं, कोण नाही, ते मी सांभाळीन," असं तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. तेव्हापासून या गावात साप चावून कुणी मेलं नव्हतं.

तो खाटेशी आला, पायावरच्या पेनाच्या रेघा बघितल्या, एलीसेओच्या कपाळाला हात लावला.

"कसा आहेस रे, सरड्याच्या मित्रा?"

"तुमच्यापर्यंत पोचलं वाटतं, काका."

"माझ्यापर्यंत? वरच्या वळणापर्यंत पोचलं." मग नेरिसकडे वळून हळू म्हणाला, "तुझ्या माझ्यात असं कधी झालं नव्हतं, पोरी. पोरगी आत आलीच कशी? तू दार सांभाळायचं ठरलं होतं."

"दारात त्याची आई होती."

"आई दारात असते. सांभाळायचं होतंस तू."

तो बाहेर जाऊन वरच्या पायरीवर बसला. लोक त्याच्याभोवती गोळा झाले. दाल्मिराला आजच होडीतून पाठवावं की बोट येऊन जाईपर्यंत थांबावं, यावर बोलणं सुरू झालं. सेगुंदो ऐकत होता. शेवटचा शब्द त्याचाच असणार होता.

सलाईनच्या तळाशी थोडंसं औषध उरलं. नेरिस त्याच्याकडे बघत उभी राहिली. रक्त गोठतंय की नाही हे रात्री तिकडे मोठ्या दवाखान्यात कळणार होतं. रात्री फोन येईल, मग सांगू, असं तिच्या मनात आलं. गोठलं असेल तर सांगणं सोपं जाईल. बघा, पोटुशी बाईने दिवसभर बघितलं आणि माणूस वाचला, असं म्हणता येईल. आणि नाही गोठलं तर? तर ती कधीच सांगणार नाही, हे तिला स्वतःबद्दल नक्की ठाऊक होतं. म्हणजे निकाल बघून ती खरं बोलायचं की नाही ते ठरवणार होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असं करणाऱ्यांची वही बाई फेकून द्यायच्या.

शिवाय एकट्या एलीसेओवरून काही सिद्ध होत नव्हतं. तो वाचला तरी नाही, मेला तरी नाही. दाल्मिरा मात्र तिथे बसली होती, आणि तिला घरातून घालवायला एकच दुपार पुरेशी होती.

औषधाचा शेवटचा थेंब पडला. तिने नळीची कळ बंद केली, सुई काढली, जागेवर कापूस धरला आणि एलीसेओला तो दाबून धरायला सांगितलं.

"झालं?" त्याने विचारलं.

"औषध झालं. बोट येईपर्यंत पाय हलवू नको."

"तुझा चेहरा का असा, बाई? मी मरतोय की काय?"

"माझ्या माहितीप्रमाणे नाही. पण एक गोष्ट तुलाही ऐकायला हवी. दार उघडं ठेवते."

ती दारात आली. क्लेमेन्सिया झाडूवर दोन्ही हात ठेवून उभी होती. दिवसभरात ती बसली नव्हती. तिचे पाय सुजले होते. नेरिसला तिची कीव आली आणि भीतीही वाटली.

"बस जरा, मावशी," नेरिस म्हणाली.

"तो बरा झाला की बसेन."

नेरिसने तिच्या बाजूने वाट काढली आणि पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. बोलणं थांबलं. सेगुंदोने मान वर केली. धक्क्यावर दाल्मिराच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण ती वळली नाही.

"सेगुंदो काका, तिला तिथून उठवा," नेरिस म्हणाली. "पोटुशी मी आहे. चौथा महिना लागलाय. सकाळपासून त्याला मीच बघतेय, आणि बोट येईपर्यंत मीच बघणार आहे."