आद्रियानचा दगड

एल्सबेथ गॉयमानला त्या अमेरिकन माणसाचा पहिल्याच भेटीत राग आला. लामार गेमन, साठीचा, पेनसिल्व्हेनियाचा. तीनशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या एमेन्टालच्या ह्या खोऱ्यातून तिकडे गेलेल्या ख्रिस्तेन गॉयमान ह्या आपल्या मूळपुरुषाची पाळंमुळं खणत आलेला; गॉयमानचं तिकडे गेमन झालं होतं. बोली इथलीच, पण खापरपणजोबांच्या तोंडची. दफनभूमी पालथी घालून शेवटी तो तिलाच म्हणाला, "बाई, ख्रिस्तेनच्या आईबापाची कबर कुठाय हो?"

"कबर? पंचवीस वर्षं झाली की काढतात इथं. मेलेल्यांनी किती जागा अडवायची?"

"अरे देवा! आमच्याकडे ख्रिस्तेनच्या कबरीवरचा दगड अजून उभा आहे."

"नशीबवान आहात," ती फटकन बोलली. समोरच्या रांगेला पंचायतीची पाटी लागली होती. थंडीआधी ती रांग निघणार होती, आणि तिच्यात तिचा एकुलता एक आद्रियान होता, एकोणिसाव्या वर्षी मोटारसायकलवरून गेलेला. दगड घरी नेता येतो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ठेवणार कुठे? शिवाय तिच्यामागे तो भंगारातच जायचा.

रडत रडत तिने त्याला हे सगळं सांगून टाकलं.

"दगड माझ्याकडे द्या," लामार म्हणाला. "ख्रिस्तेनशेजारी उभा करतो. गॉयमानच ना तो? आमच्याकडे कुणी हलवायचं नाही. पण माझं सामान ह्याच आठवड्यात निघतंय."

ह्याच आठवड्यात! अजून अख्खा उन्हाळा तिच्या हातात होता. रोज दगडापुढच्या फुलांना पाणी घालायचं, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. तिचा जीव तुटला. तरी ती हो म्हणाली.

दगड उचलायला माणसं आली त्या सकाळी लामार तिच्याशेजारी उभा होता. "ख्रिस्तेनचं सगळं सापडलं हो, जहाजसुद्धा. आईचं तेवढं नावही नाही मिळालं."

"कसं मिळेल? पोरगं गेलं की आईला कोण विचारतं!"

दगड गाडीत चढला. ती धावत पुढे गेली आणि त्यावरची माती पदराने पुसावी तशी कोटाच्या बाहीने पुसू लागली.

"ह्याच्या नावाखाली माझं नाव कोरा," ती म्हणाली. "कुणी शोधत आलं तर आई सापडायला हवी."

लामारने मान डोलावली. आद्रियानला ना बायको होती, ना मूलबाळ. शोधत कुणीच येणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.