चौदा सुयांचा कौल

त्र्याहत्तर साली भैरोबाच्या जत्रेत मी अकरा दुकानांना लाईट दिली होती. लाईटवाल्याला माणसं लवकर कळतात. मिठाईवाला जिलेबीवर चार बल्ब मागतो, तराजूवर एकही मागत नाही. बांगडीवाला गिऱ्हाइकाच्या मनगटावर उजेड पाडतो, स्वतः अंधारात बसतो. संगमनेरचा काकासाहेब दरवर्षी फुगे फोडायची बंदूक घेऊन यायचा. त्या वर्षी तो म्हणाला, मला बल्ब नकोच, नुसती वायर दे आणि विजेचं इंजिन वेगळं लाव. मग त्यानं तंबूला आतून काळं कापड ठोकलं. तेव्हाच मी ओळखलं, गड्यानं काहीतरी भलतं आणलंय.

मुंबईत परदेशी बोटींवरचं जुनं सामान घेणाऱ्या एका माणसाकडून त्यानं एक यंत्र उचललं होतं. पुरुषभर उंच, निळं, अंगात चमकी मिसळलेली, आणि कुठंही कोपरा नाही. बाई कमरेवर घागर घेऊन उभी राहते तसा त्याचा बाक. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला हळदकुंकू लावलं, आणि काकासाहेबानं ते पुसलं नाही. धंद्यातला माणूस कुंकू पुसत नाही. यंत्राच्या डोक्याच्या जागी काच, काचेत काळोख, काळोखात पांढरे ठिपके. त्यातून फिरणारं एक रॉकेट आपलं आणि दोन उडत्या ताटल्या शत्रूच्या. खाली चार बटणं: दोन रॉकेट वळवायची, एक पुढं रेटायचं, एक गोळी सोडायचं. मुंबईत टीव्ही सुरू झाल्याचं आम्ही पेपरात वाचलं होतं, पाहिला कुणीच नव्हता. काचेतलं काहीतरी आपल्या बोटाचं ऐकतं, एवढ्यानंच माणूस एक पाऊल मागं सरायचा. त्यात तो आवाज. रॉकेट फुटलं की खडीचा ट्रक रिकामा होतो तसं आतून गडगडायचं, आणि पुढचा माणूस मागच्याच्या पायावर पडायचा.

आत माणूस लपलेला नाही हे काकासाहेब मागचं दार उघडून दाखवायचा. हिरव्या पट्ट्यांवर ओळीनं बसवलेले काळे तुकडे, आणि माठाएवढी मोठी काच. हे बघून लोक जास्तच घाबरायचे. माणूस असता तर बरं झालं असतं, असं एक म्हातारी म्हणाली. आपली वीज त्या यंत्राला सोसत नव्हती. मधे ट्रान्सफॉर्मर ठेवून निम्मी करून द्यावी लागायची. त्यामुळे मी तीन दिवस तंबूच्या मागं इंजिनापाशीच बसून होतो, आणि कापडाच्या फटीतून आतलं सगळं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं बटणाला हात लावण्याआधी डोळे मिटून विचारलं, औंदा पाऊस पडंल का. हरला. तंबूतलं हसू एकदम थांबलं. आमच्याकडं देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला फुलं चिकटवतो, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. इथं रॉकेट जिंकलं तर हो, ताटल्या जिंकल्या तर नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लोक बैलाचं, बाळंतपणाचं, सोयरिकीचं विचारायला रांगेत उभे. काचेच्या कडेला तीन आकडे असायचे: वरचा रॉकेटचा, मधला ताटल्यांचा, खालचा वेळेचा. वेळ दीड मिनिटाची. नव्या माणसाचं दीड मिनिट रॉकेट सरळ करण्यातच जातं. मोजणं हा माझा स्वभाव आहे. दुपारपर्यंत एकेचाळीस जण खेळले, आणि जिंकलं कुणीच नाही.

बेचाळिसावा मच्छिंद्र होता. माझ्या मावसबहिणीचा, पुष्पावतीचा नवरा. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. कारखान्याच्या काट्यावर एका गाडीचं वजन दहा किलोनं कमी भरलं तरी रस्ता अडवून बसणारा. त्याच्या मिशीला टोळीतली निम्मी माणसं घाबरायची, उरलेली निम्मी त्याच्या आवाजाला. आठ दिवसांपूर्वी त्याच्या पोटरीला कुत्रं चावलं. बायकांनी जखमेत मिरची भरली. चौथ्या दिवशी ते कुत्रं जबडा लोंबकळत बाभळीच्या कुपाटीत मरून पडलं. तिसगावच्या डॉक्टरनं जखम न बघताच आधी कुत्र्याचं विचारलं, आणि मग सांगितलं, कुत्रं पिसाळलेलं होतं, आजच्या आज नगरला जा, चौदा सुया घ्याव्या लागतील, बेंबीच्या भोवती, रोज एक.

चौदा आकडा ऐकून मच्छिंद्र घरी आला तो घराबाहेर पडेना. आधी म्हणाला कुत्रं उन्हानं मेलं. मग म्हणाला दात लागलेच नव्हते, नखं लागली. पुष्पावती रोज सकाळी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरायची आणि त्याच्या गळ्याकडं बघत बसायची. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्याला रोग चढला की पाणी गिळवत नाही म्हणतात. पाणी खाली उतरलं की चुलीकडं वळायची. शेवटी तो म्हणाला, देवाला कौल लावू, देव म्हणंल तसं. पण गहिनीनाथ गुरव पक्का. त्यानं तीस वर्षं लोकांची लग्नं जुळवली आणि मोडली, पण हा प्रश्न ऐकून म्हणाला, दुष्काळात फुलं कुठली आणू, दवाखान्याचं दवाखान्याला विचारा. देवाचा हात असला तरी फूल गुरव चिकटवतो, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून मच्छिंद्र इथं आला. सकाळपासून तंबूच्या खांबाला टेकून खेळ बघत होता. नंबर आला तसा चारचौघांत खणखणीत आवाजात म्हणाला, रॉकेट जिंकलं तर आजच नगरला जातो, ताटल्या जिंकल्या तर सुयांचं नाव कुणी काढायचं न्हाई. लोकांना वाटलं, काय छातीचा गडी. मला कळलं. एकेचाळीस मी मोजले होते, तसे त्यानंही मोजले होते.

काकासाहेबानं यंत्र थंड होऊ द्यायला थोडा वेळ थांबवलं. तेवढ्यात पुष्पावती मागच्या बाजूनं माझ्याकडं आली. इंजिनाचा आवाज एवढा, की तिला माझ्या कानाशी तोंड आणावं लागलं.

"राधाकिसनदादा, किती जिकत्यात ह्याच्यात?"

खोटं बोलायला मला जमतं, पण तिच्या डोळ्यांखाली आठ दिवसांची जाग होती. मी म्हणालो, "अजून कुणीच न्हाई."

तिनं इंजिनाकडं बोट केलं. "मग तू काय तरी कर. तुझ्याच हातात हाय की समदं."

"माझ्या हातात बंद करायचं हाय फक्त. जिकवायचं न्हाई."

"मंग बंद कर. हरायला लागलं की बंद कर. कौल अर्ध्यात मोडला तर लागला न्हाई म्हनत्यात. उद्याच्याला मी त्यांना हात बांधून नेते."

उद्या म्हणजे नववा दिवस. मी डिझेलच्या कळीवर हात ठेवला आणि मान हलवली. ती फिरून पुढून आत गेली आणि नवऱ्याच्या उजव्या खांद्यामागं उभी राहिली. तिचं आणि माझं ठरलं होतं: डोक्यावरचा पदर तिनं खाली पाडला की मी कळ ओढायची.

काकासाहेबानं मागून नाण्याच्या खटक्याला तार लावून यंत्र चालू केलं. मी फटीला डोळा लावला; तिथून काच आणि खेळणाऱ्याचं तोंड दोन्ही तिरकस दिसायचं.

मच्छिंद्र हरायलाच उभा होता, हे त्याच्या हातांवरून दिसत होतं. बोटं बटणांवर नुसती टेकवलेली. रॉकेट एका जागी लोंबकळत राहिलं. ताटल्या सावकाश सरकत आल्या, एकीनं गोळीचा ठिपका सोडला, रॉकेट फुटलं. गडगडाट झाला. ताटल्यांचा आकडा एक. मच्छिंद्रानं डोळे मिटले होते, पण ओठाच्या कडेला हसू होतं. रॉकेट परत उगवलं, परत फुटलं. दोन. पुष्पावतीचा हात पदराकडं गेला.

तिसऱ्या वेळी त्यानं डोळे उघडले. उघडायला नको होते. ताटलीचा ठिपका रॉकेटकडं येताना त्यानं पाहिला, तो ठिपका रॉकेटच्या मागं वळला, आणि मच्छिंद्राचा चावलेला पाय आपोआप जमिनीवरून उचलला गेला. कुत्रं येताना माणूस उचलतो तसा. रॉकेट फुटलं, तीन झाले, पण आता हसू नव्हतं. त्याचा श्वास मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आल्यासारखा वाटला. पुढच्या वेळी ताटली जवळ आली तशी त्याची बोटं बटणावर आपटली. रॉकेट गिरक्या घेत सुटलं आणि त्यातून गोळ्या कुठंही उडायला लागल्या. एक ताटली फुटली. त्यानं बोटं मागं घ्यायला पाहिजे होती. घेतली नाहीत. मला वाटतं, घेता आली नाहीत. दुसरी ताटली पाठीमागून आली, त्यानं रॉकेट वळवलं आणि तीही फुटली. दोन, तीन. त्याच्या मानेवरून घामाची धार लागली होती. त्याचे ओठ म्हणत होते, हाड, हाड.

पुष्पावतीनं पदर पडू दिला नाही. मुठीत गच्च धरून ठेवला.

ताटली परत उगवली, तीही फुटली. तीन, तीन. वेळेचा आकडा मला एवढ्या लांबून दिसेना. मग आणखी एक फुटली.

आणि काच पांढरी झाली.

सगळीच्या सगळी. काळोख होता तिथं लख्ख पांढरं, आणि पांढरे ठिपके काळे. त्या उजेडात तंबूतली शंभर तोंडं एकदम दिसली, पिठात बुडवून काढल्यासारखी. कुणीतरी म्हणालं, जळालं. एवढं पुरलं. लोक एकमेकांवरून बाहेर पळाले, एक खांब वाकला, काळं कापड एका बाजूनं फाटलं. मीसुद्धा घाबरलो. मला वाटलं माझं इंजिन पळालं, वीज दुप्पट गेली, आता ती माठाएवढी काच फुटणार आणि समोर पुष्पावती. मी कळ ओढली. इंजिन धापा टाकत थांबलं. काच एका ठिपक्यापुरती आकसली आणि विझली.

मी आत गेलो तेव्हा फाटक्या कापडातून उन्हाची तिरीप येत होती. आत आम्ही चौघंच. काकासाहेब यंत्रापासून चार हात लांब उभा राहून सांगत होता की याचं असं आजवर झालं नव्हतं, बहुतेक आतून गेलं. मच्छिंद्राची बोटं अजून बटणांवर होती. हळूहळू त्याच्या तोंडावर रंग आला. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "इंजन बंद पडलं. कौल मोडला."

त्या आवाजात मला तोच गडी ऐकू आला, काट्यावर दहा किलोसाठी भांडणारा. त्याला फट सापडली होती, आणि ती मी पाडली होती.

यंत्राच्या बटणांखाली इंग्रजीत लिहिलेली एक पट्टी होती. तीन दिवसांत ती कुणी वाचली नव्हती, काकासाहेबानंही नाही. त्याला ती नक्षी वाटायची. मी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालोय, पण अक्षरं लागतात. तिरिपीत वाकून मी एकेक शब्द जुळवला. दोनदा वाचलं. मग सांगितलं की यात असं लिहिलंय, ताटल्यांपेक्षा ज्याचे जास्त होतील त्याला वेळ वाढवून मिळतो, आणि त्यासाठी रात्रीचा दिवस होतो.

मच्छिंद्र म्हणाला, "तू तिचा भाऊ. तू असंच वाचनार."

मी भाऊ होतोच, आणि लबाडीला तयारही होतो. पट्टीत तसं नसतं तरी मी तसंच वाचलं असतं, हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

पुष्पावती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. इतके दिवस ती त्याच्या गळ्याकडं बघत होती, आता डोळ्यांत बघत होती.

"दादाचं ऱ्हाऊ द्या. तुमी आकडा बघितला का न्हाई?"

त्यानं मान बाहेरच्या गर्दीकडं वळवली.

"काट्यावरची चिठ्ठी वाचता तुमी. ह्यो बी वाचला असंल. किती हुता वरचा?"

"पुष्पा, घरी चल."

"चलते. किती हुता?"

बाहेर लोक लांब उभे राहून तंबूकडं बघत होते. मच्छिंद्राला तीन म्हणता आलं असतं. एक म्हणता आलं असतं. मी फुटलेल्या मोजल्या होत्या, पण भावाचं कोण ऐकणार, आणि काकासाहेब यंत्राच्या मागं होता. राहिली पुष्पावती, तिला तो खोटी पाडू शकत होता. बायकोला खोटी पाडायला किती वेळ लागतो. त्यानं बटणावरची बोटं काढली आणि दुसऱ्याची असावीत तशी ती बघितली.

"चार," तो म्हणाला.

"आन् त्यांचा?"

"तीन."

ती एवढंच म्हणाली, "साडेचारची यस्टी हाय."

जत्रेतून स्टँडपर्यंत मीच त्यांच्याबरोबर गेलो. इंजिन काकासाहेबाच्या भरवशावर टाकलं. आयुष्यात मी तसं पहिल्यांदा केलं. मच्छिंद्र लंगडत नव्हता, उलट भरभर चालत होता. मधेच थांबायचा आणि मागं वळून बघायचा. मागं नुसता धुरळा. रस्त्यात दोघातिघांनी विचारलं, काय म्हणाला कौल, तर पुष्पावतीनं परस्पर सांगितलं, हो म्हणाला.

यस्टी आली. ती आधी चढली, मग त्याला हाताला धरून वर घेतला. तो खिडकीशी बसला. गजांशी तोंड आणून हळूच, तिला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "राधाकिसन, केवढी असती रं सुई?"

मी सुई पाहिली नव्हती. लोक वीतभर म्हणत. मी दोन बोटं धरून दाखवली. त्यानं ती नीट बघून घेतली, मान हलवली आणि खिडकीची काच ओढून घेतली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी उभा होतो. कौलात त्यानं विचारलं होतं, सुया घ्याव्यात का. यंत्रानं त्याचं उत्तर दिलं. आठ दिवसांनी घेतलेल्या सुया लागू पडतात का, हे मात्र तिथं कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं नाही, तिनं नाही, आणि परत येऊन रिकाम्या तंबूत त्या यंत्रापुढं मी एकटाच उभा राहिलो, काकासाहेबानं इंजिन परत चालू केलं होतं, काचेत ठिपके होते, चारही बटणं मोकळी होती, तरी मीही विचारलं नाही.