माझं ‘सौ.’ कुणी पळवलं?

सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला आणि मी दचकलेच. माझ्या नावापुढचं ‘सौ.’ गायब! त्या जागी ‘श्रीमती’ बसली होती, ऐसपैस, जणू घर तिचंच.

मी एक नोंद बोलतेय. औषधांच्या दुकानातली, एका काकूंची. स्वभावाने भित्री. दिवे लुकलुकले तरी मला वाटतं, संपलं, आता आपण पुसल्या जाणार.

माझा जन्म एकदा नाही, तीनदा झाला. काउंटरवर काकूंनी स्वतः सांगितलं, “‘सौ.’ लिही हं, बाळ. एवढा संसार केलाय.” मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मला त्यांच्या भाच्याने भरलं. तिथे ‘श्री’ नाहीतर ‘श्रीमती’, तिसरं काही नव्हतंच. आणि सवलतीच्या कार्डावर जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख पडली. म्हणजे तिथे मी स्वतःच्या मुलीहून जेमतेम वर्षाने मोठी!

मग दुकानाच्या साहेबांनी आम्हा तिघींची एक नोंद करायची ठरवली. नियम काय, तर जी माहिती शेवटची, ती खरी. भाच्याने अ‍ॅप सगळ्यांत शेवटी भरलं होतं, म्हणून ‘श्रीमती’ जिंकली. वर साहेबांनी अक्कल पाजळली: ‘सौ.’ची ‘श्रीमती’ झाली म्हणजे नवरा गेला.

झालं! बसल्या जागी काकांचा निकाल लागला. दर महिन्याला घरी जाणारी त्यांची रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी अडवली गेली. शोकसंदेशही तयार झाला, खाली टॉनिकवरच्या सवलतीसह.

मला तोंड नाही. माहिती जुळली नाही तर फक्त लाल होता येतं. झाले. भीतीने आणि रागाने, दोन्हीने.

“सर, ही नोंद लाल झालीय,” नवी कामाला लागलेली ताई म्हणाली.

“लाजत असेल. ढकल पुढे.”

“पण या गेलेल्या काकांनी काल खोकल्याचं औषध नेलंय.”

ताईने पावती पुढे केली. “भूत कशाला खोकेल, सर?”

“बरं बाई, कर फोन. पण ‘जिवंत आहेत का’ असं विचारू नकोस!”

तुम्हाला हात जोडून एकच सांगते. आम्ही नोंदी आपसांत भांडलो, तर जी शेवटी बोलली तिलाच खरी मानू नका. घरी विचारा.

ताईने नंबर फिरवला. कुणी उचलेना. पुन्हा फिरवला. माझा जीव टांगणीला. पिशवी तशीच कोपऱ्यात पडलेली. घंटा वाजतेय, वाजतेय...

“हॅलो! ती बाहेर गेलीय,” पलीकडून वैतागलेला आवाज आला. “मी तिचा नवरा. बोला, काय काम काढलंत?”